दहावं दान

॥ श्री ॥

तंजावूर, ९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप विनुताअत्येस प्रणवेशचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

लहानपणी तू पुण्याहून पोस्टाने बाराखडी पाठवायचीस आणि मी रडत रडत गिरवायचो, त्याचा उपयोग आज होतोय. माझा फोन पुदु आरूच्या कालव्यात आहे. पडला नाही, मी टाकला. शांभवीने यापुढे फोन करू नकोस असं सांगितलं आणि वर ऑल द बेस्ट म्हणाली. नको म्हणाली ते एक वेळ चाललं असतं. त्या ऑल द बेस्टने डोकं फिरलं. आता नवा फोन घेणार नाही. कुणाचा फोन आला नाही हे दर पाच मिनिटांनी बघायला नको.

त्रिचीचं कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडल्याचं बाबांनी तुला कळवलंच असेल. एका पोरीसाठी सोडलं, असं ते सगळ्यांना सांगतात. एका पोरीसाठी म्हटलं की ती कुणीही असू शकते असं वाटतं, म्हणून मला राग येतो. रोज त्याच वर्गात, तिच्या दोन बाकं मागे बसणं मला जमेना. हे बाबांना सांगायला गेलो तर त्यांनी चेन्नईतल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका आवाज चढवला. मीही चढवला. शेवटी आईने तोडगा काढला की अप्पा एकटे आहेत, प्रणवेशने तंजावुरास राहून त्यांची काळजी घ्यावी.

काळजी घेण्यासारखं इथे काही नाही. अप्पा पहाटे उठतात, आंघोळ करतात, धुतलेली वेष्टी नेसून खिडकीपाशी बसतात. पेपर बंद केलाय. मी विचारलं, अप्पा काय चाललंय, तर बसूलालों की, अजून काय करायचं, म्हणतात. जेवायला तीन घास. मी कितीही वाईट सांबार केलं तरी नाव ठेवत नाहीत, हे तुला पटणार नाही, कारण आज्जीच्या सांबारालासुद्धा त्यांनी पन्नास वर्षं नावं ठेवली. राजवाड्यामागच्या गल्लीतले आपले लोक येऊन त्यांच्या पाया पडून जातात. शेजारचे गुरुमूर्तीमामा तर सगळ्यांना सांगत फिरतात की वरुणरावांना वैराग्य आलं, असा माणूस लाखात एक.

वैराग्याचा त्रास मात्र मला. गेल्या आठवड्यात अप्पांनी एक गाय घेतली आणि तिरुवैयारूच्या देवळाला दिली. पोचवायला कोण, तर मी. गाय पुलाच्या मधोमध बसली. मागे दोन बस, सहा मोपेड आणि एक लग्नाचं वऱ्हाड. प्रत्येकाने मला गाय कशी उठवायची ते शिकवलं. त्याआधी तिथली नारळांच्या जमिनीची पट्टी मुरलीच्या नावावर करून दिली. तो वीस वर्षं ती राखतोय, त्याचीच व्हायला हवी, म्हणाले.

तुझा पाय प्लास्टरमध्ये आहे असं कळलं. जिना उतरताना कुणाशी भांडत होतीस ते लिही. माया आहे तशी असू दे.

तुझा
प्रणवेश

पुणे, १७ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अप्पांस विनुताचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र प्रणवेशच्या हाती देऊ नका. त्याचं पत्र आलं, वाचून आधी हसले, मग घाबरले. फोन पाण्यात टाकला म्हणतो. आज फोन टाकला, उद्या काय टाकेल? अप्पा, या वयात मुलं एखाद्या नकारापायी जिवाचं बरंवाईट करून घेतात. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी असं झालं. वैद्यनाथदादालाही तीच धास्ती आहे, म्हणून तर त्याने लेकाला तुमच्याकडे धाडलं. तुमची काळजी घ्यायला म्हणून सांगितलं, नाहीतर तो आला नसता. खरं म्हणजे तुम्ही त्याच्यावर नजर ठेवायची आहे. तो गच्चीवर एकटा फार वेळ बसत नाही ना, जेवतो ना, झोपतो ना, एवढं बघा. तो मार्गाला लागेपर्यंत तरी.

तुमचं मन शांत झाल्याचं त्याने लिहिलंय. आई गेल्याला दीड वर्ष झालं. तुम्ही इतके सावराल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या पायाला अजून सात-आठ आठवडे म्हणतात, नाहीतर येऊनच गेले असते.

आशीर्वाद असावेत, मागायला नको तरी मागते.

तुमची
विनुता

तंजावूर, २५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. विनुतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मुलावर नजर आहे. गच्चीवर जातो, अर्ध्या तासात खाली येतो. झोपेत बोलतो. जेवण चांगलं आहे.

मला काही होत नाही. कुठे दुखत नाही. सकाळ होते, मग दुपार होते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं रोज दोनदा पाण्याच्या पातळीची पट्टी वाचून वहीत लिहिली, तेव्हा सकाळ-संध्याकाळ वेगळी कळत असे. तुझ्या आईचं नाव लोक काढतात. मी ऐकतो.

काम सांगितलंस ते बरं झालं. तो मार्गाला लागेपर्यंत मी आहे.

पायावर भार देऊ नकोस. सर्वांस आशीर्वाद सांगावेत.

वरुणराव

॥ श्री ॥

तंजावूर, २२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप विनुताअत्येस प्रणवेशचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल अमावास्या झाली, पितृपक्ष संपला आणि माझंही एक पर्व संपलं. मावशीच्या गिरीशदादाने कोईम्बतूरला त्याच्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये ये म्हणून बोलावलंय. तीन ऑक्टोबरची गाडी. पंप खोलायचा, बिघाड शोधायचा, परत जोडायचा. पंप ऑल द बेस्ट म्हणत नाही. शांभवीची आठवण येते, रोज येते, खोटं कशाला सांगू. पण आता ती येते तेव्हा मी दुसरं काम करत असतो.

अप्पांना सांगितलं तर काय झालं सांगू? हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा. गाडी किती वाजता, रिझर्वेशन पक्कं ना, परत यावं लागणार नाही ना, असं तीन-तीनदा विचारलं. मग खुर्चीत मागे टेकून सुटलो म्हणाले. मी म्हटलं, अप्पा, माझी कॉफी एवढी वाईट आहे का?

त्यांची वाटावाटी जोरात चालू आहे. गायीनंतर देवळात तिळाची पिशवी गेली, मागोमाग दिव्यासाठी तुपाचा डबा. बोटातली अंगठी मुरलीच्या मुलीला, लावण्याला, दिली. तिला बारावीत मार्क मिळालेत म्हणून असेल. घडी न मोडलेल्या चार वेष्ट्या एका भटजींना, तांदळाचं पोतं अन्नदानाला. दर शनिवारी एक खेप, आणि मी मोपेडवर हमाल. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या आणि त्या माझ्या शर्टात शिरल्या तेव्हा मी मेल वीधीत भर रस्त्यात शर्ट काढून नाचलो. काल आज्जीची चांदीची फुलपात्रं गुरुमूर्तीमामांना दिली. मामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. जीवन्मुक्त आहेत हो तुझे आजोबा, म्हणाले. मी म्हटलं, मामा, जीवन्मुक्ताला सांगा, एक पंखा तरी ठेवा घरात.

आता पाच किलो खडेमीठ आणून ठेव म्हणालेत. मीठ कुणी दान करतं का ग? मी म्हटलं, आणतो आणि याच शनिवारी पोचवतो. तर नको म्हणाले. तू कोईम्बतूरला जा, मग माझं मी देईन, त्याची घाई नाही.

मला बरं वाटतंय अत्या. बाबांना तूच कळव, मी कळवलं तर भांडण होईल. पत्रातून एक धपाटा आणि पुष्कळसा जिव्हाळा पाठव.

तुझा
प्रणवेश

पुणे, २७ सप्टेंबर २०२५

चि. प्रणवेश यास अनेक आशीर्वाद.

मघाशी गुरुमूर्तींच्या फोनवर तू फोन घेतलास तेव्हा मी नीट बोलू शकले नाही. अप्पांना एकटं सोडू नकोस, कोईम्बतूर राहू दे, त्यांना सरळ विचार, एवढंच म्हटलं. वैद्यनाथदादा रात्रीच्या बसने निघतोय. मी चालू शकत नाही म्हणून हे पत्र.

गाय, जमीन, तीळ, सोनं, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, चांदी, मीठ. ही दहा दानं आहेत. आपल्याकडे माणूस शेवटच्या घटका मोजत असताना त्याच्या हातून ती करवतात. माझ्या आजोबांच्या वेळी त्यांचा हात धरून अप्पांनीच करवली होती, मी दारात उभी होते. मीठ शेवटी. तुझ्या पत्रात तू मुंग्यांवर हसलास, मीही हसले, आणि मिठापाशी आले तेव्हा एकेक दान बोटांवर मोजलं. अप्पांना काही दुखणं नाही. कुणी मरणाला टेकलेलं नाही. ते आपली तयारी स्वतःच करत होते, एकेका शनिवारी, तुझ्या मोपेडवर.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, ती आता सांगते. रागावायचं असेल तर नंतर रागाव. तू जिवाचं काही करून घेशील अशी आम्हाला भीती वाटली. म्हणून तुला अप्पांची काळजी घ्यायला सांगितलं आणि त्यांना तुझी. तो मार्गाला लागेपर्यंत मी आहे, असं त्यांनी मला लिहिलं होतं. माझ्या लेखी तो दिलासा होता. पत्र देवघरात ठेवलं मी.

मी इथल्या आमच्या डॉक्टरांना लगेच विचारलं. विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, असं त्या म्हणाल्या. उलट विचारणारं कुणी भेटलं तर माणसाला बोलता येतं. तेव्हा आडून विचारू नकोस. नाव घेऊन विचार. ते काही म्हणाले तरी उपदेश करू नकोस, देवाधर्माचं सांगू नकोस. सोमवारी दवाखान्यात न्यायचं, दादाला सांगितलंय. तोवर ज्याने इजा होईल असं काही त्यांच्या हाताशी राहू देऊ नका.

वैराग्य म्हणून मीही खूश झाले होते, प्रणवेश. लेकीला सुटल्यासारखं वाटलं. एवढंच लिहिते. जवळ असते तर तुला नुसतं धरून बसले असते.

तुझी
अत्या

॥ श्री ॥

तंजावूर, १ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप विनुताअत्येस नमस्कार.

तुझं पत्र आज आलं. त्याआधीच विचारलं होतं. तू फोन ठेवलास आणि मी सरळ घरी आलो. शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. ओरडलोच. अप्पा, तुमच्या मनात जीव द्यायचं आहे का, असं शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं असेल.

हो म्हणाले. दूध आलं का विचारल्यावर हो म्हणतात, तसंच.

मग म्हणाले, हळू बोल, मला ऐकू येतं. मी खाली बसलो. दुःख असतं तर रडलो असतो, म्हणाले, दुःखही नाही. तुझी आज्जी कृष्णवेणी गेली तेव्हा वाईट वाटलं, ते सहा महिने वाटलं, मग तेही थांबलं. भात तोंडात कापसासारखा लागतो. लोक पाया पडतात तेव्हा कुणा दुसऱ्याच्या पायांना हात लावताहेत असं वाटतं. मी म्हटलं, सांगितलं का नाही. कुणी विचारलं, म्हणाले. आणि तू होतास, तुझं काम अंगावर होतं, ते टाकून कसा जाणार.

मी तुझ्यावर रागावलोय का ते मला कळत नाही. शांभवी नको म्हणाली तेव्हा मी भिंतीवर मूठ मारली होती. अप्पांच्या त्या हो पुढे हातच उचलेना. तेव्हापासून सगळं कापसातून ऐकू येतंय. गाडी येते, भाजीवाला ओरडतो, मी जागेवर असतो.

बाबा रविवारी पहाटे आले. माझ्याशी भांडले नाहीत, हे मला आवडलं नाही. सोमवारी सरकारी रुग्णालयात मनोविकारांच्या विभागात गेलो. डॉक्टर अखिला, वय तिशीचं असेल, तमिळमध्ये अप्पांना अय्या म्हणत होत्या. बाबांनी वैराग्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, वैराग्य आलेल्या माणसाला भाताची चव कळते, तो ती सोडतो. यांना कळतच नाही. हा आजार आहे, म्हातारपण नाही, आणि यावर उपचार आहेत. मग अप्पांना म्हणाल्या, शून्य ते दहा, मन आज कुठे आहे. आमच्या पट्टीच्या खाली पाणी गेलं की आकडा लिहिता येत नसे, अप्पा म्हणाले, तिथे आम्ही रेघ ओढायचो. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढली. अप्पांनी ती नीट आहे का ते वाकून पाहिलं.

रोजच्या गोळ्या बाबांच्या ताब्यात आहेत. दर आठवड्याला जायचंय. औषध लागू पडायला चार-सहा आठवडे लागतात आणि मधले दिवस सांभाळायचे असतात, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मला वेगळं बोलावून म्हणाल्या, रोज सकाळी विचारायचं, काल विचारलं म्हणून आज सोडायचं नाही. मीठ बाबांनी बरणीत ओतलं, सांबारात पडतंय.

गुरुमूर्तीमामा फुलपात्रं परत घेऊन आले आणि दारातच रडायला लागले. मी जीवन्मुक्त म्हणालो रे, मी टाळ्या वाजवल्या रे, असं. अप्पा म्हणाले, दिलेलं परत घेत नाहीत. तर मामा आता रोज त्यातल्याच एकात कॉफी घालून आणतात आणि अप्पा संपवेपर्यंत हलत नाहीत. वैतागवाणे आहेत, पण येतात.

गिरीशदादाला मी येत नाही असं कळवलंय. त्याने शिव्या दिल्या. दे म्हटलं.

नीट लिहवत नाही. आम्हाला धरून राहा.

प्रणवेश

॥ श्री ॥

तंजावूर, ६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप विनुताअत्येस प्रणवेशचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

प्लास्टर निघालं, आता काठी घेऊन चालतेस, हे वाचून बरं वाटलं. जानेवारीत ये. घाई करून पुन्हा जिन्याशी भांडू नकोस.

दीपावली झाली. फराळ गल्लीतून आला, अप्पांनी एक सुरळी-उंडा अर्धा खाल्ला. गोड आहे म्हणाले नाहीत. पण अर्धा ठेवला तो झाकून ठेव म्हणाले, म्हणजे नंतर खायचा विचार असावा. मी असल्या गोष्टी हल्ली मोजतो, हसू नकोस. अप्पांना झोप लागते आता. हात कापतो थोडा, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मात्रा बदलली. मधे मी चिडून म्हटलं होतं की एवढ्या गोळ्या घेऊन हेच का. डॉक्टर अखिलांनी मला बाहेर काढलं आणि थंड पाणी प्या म्हणाल्या. बाबांची पंधरा दिवसांची रजा संपली, ते शनिवार-रविवार येतात. परवा आम्ही दोघं भांडलो, फॅनच्या रेग्युलेटरवरून. अप्पा खुर्चीतून म्हणाले, दोघेही बाहेर जाऊन भांडा. आम्ही दोघेही खरंच बाहेर गेलो, कारण त्यांच्या आवाजात राग होता.

शांभवीचं लग्न ठरल्याचं मित्राकडून कळलं. त्या दिवशी मी कालव्यापर्यंत चालत गेलो. हे तुला आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ऐकून घाबरायला नको. नुसता गेलो आणि परत आलो. दारात अप्पा उभे होते, वेष्टी खोचून, चप्पल घालून. मला शोधायला निघाले होते. तुझ्या मनात काही आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं, मी त्यांना विचारतो त्याच शब्दांत. नाही म्हटलं. खरंच नव्हतं. छातीत दुखत होतं तेवढंच. मग त्यांनी चप्पल काढली.

अप्पांना रोज सकाळी विचारतो. कॉफी द्यायच्या आधी, म्हणजे टाळता येत नाही. पाच आठवड्यांत सुरुवातीला बहुतेक दिवस हो असायचं. दोन वेळा ते ज्या तऱ्हेने हो म्हणाले त्यावरून मी तसाच रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलो, एकदा चार दिवस तिथेच ठेवून घेतलं. मी बाकावर होतो. मग मधे मधे माहीत नाही असं यायला लागलं. माहीत नाही हे हो पेक्षा बरं असतं, असं डॉक्टर म्हणतात. मला दोन्हीत काही वाटेनासं झालंय. विचारतो, ऐकतो, वहीत लिहितो, दूध तापवतो.

आज सकाळीही विचारलं. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं ऐकलंच नाही. पुन्हा विचारणार तेवढ्यात म्हणाले, आज नाही. मी तिथेच उभा, कॉफीचा दवरा-टंबलर हातात. विचारलं, अप्पा, उद्या? वैतागले माझ्यावर. उद्याचं उद्या विचार की रे, कॉफी गार करूलालास.

मी वहीत नाही असं लिहिलं.

उद्या लवकर उठायचं आहे, इथेच थांबतो. लोभाला कमी नाही, ठाऊक आहे.

तुझा
प्रणवेश